जॅकेटचे हितचिंतक

डिसेंबरात एखाद्या पहाटे सांताक्रूझच्या वेधशाळेतला पारा सोळा अंशांवर उतरतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात ‘मुंबईकरांना हुडहुडी’ असा मथळा येतो. खाली मरीन ड्राइव्हवर कानटोपी घालून फिरणाऱ्या एका गृहस्थांचा फोटो. त्याच पहाटे निफाडला द्राक्षबागायतदार घड वाचवायला बागेत शेकोट्या पेटवून जागे असतात, पण त्यांची बातमी आतल्या पानावर. मुंबईच्या थंडीचं कौतुक मोठं, कारण ती क्वचित येते आणि आल्यासारखं करून जाते. २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझला ७.४ अंशांची नोंद झाली होती. त्यानंतर साठ वर्षं उलटली, मुंबईने तसलं धाडस पुन्हा केलेलं नाही.

तर अशा या मुंबईत, आणि तिच्या ठाणे-डोंबिवली-पनवेल या पाठीराख्यांत, घरटी नाही तरी मजल्यागणिक एक लेदर जॅकेट निघतंच. ते का आहे, हे विचारायचं नसतं. कसं आलं, हे मात्र आपणहून सांगितलं जातं. काही जॅकेटं मनालीच्या मॉल रोडवरून हनिमूनच्या बॅगेत येतात. (ती बहुतेक रेक्झिनची. त्यांचं काय होतं ते पुढे सांगतो, आत्ताच मन कष्टी करत नाही.) काही न्यू जर्सीच्या भाच्याकडून येतात, भाच्याने मामाचं माप स्वतःच्या मुंजीतलं लक्षात ठेवलेलं असतं. काही बुलेटबरोबर येतात. बुलेट दारात उभी राहिली की माणसाला आपण लडाखला जाणार असं वाटू लागतं, आणि रजा मंजूर होईपर्यंत निदान जॅकेट तरी हवं म्हणून ते येतं. जाणकार मंडळी शीव-वांद्रे जोडरस्त्यावरच्या धारावीच्या दुकानांत जातात. कातडं चेन्नई, कानपूर, कोलकाता अशा कुठल्या तरी गावी कमावलेलं असतं, शिलाई इथली असते, आणि दुकानदार “साब, एक्सपोर्ट का माल है” हे इतक्या हळू आवाजात सांगतो, की आपण काही बेकायदा करतोय की काय असं वाटावं. माल मात्र चोख निघतो, हे सांगायलाच हवं.

दुकानात आपल्याबरोबर एक काका असतातच. असली-नकली ओळखण्याची त्यांची पद्धत एकच: “काडी लावून बघू या का?” रसायनशास्त्राच्या दृष्टीने काकांचं चुकत नाही. कातडं जळलं तर केस जळल्यासारखा वास येतो, रेक्झिन जळलं तर प्लॅस्टिकचा. पण काडी लावलेलं जॅकेट विकत घ्यावंच लागतं, एवढी एक गोष्ट काकांच्या शास्त्रात बसलेली नाही. काडीशिवायही कळतं. जिथे कड कापलेली आहे तिथे बोट फिरवा. कातड्याच्या कडेला बारीक तंतू दिसतात, रेक्झिनच्या कडेला खाली कापड आणि वर सारवलेला थर दिसतो. अंगठ्याने दाबा, कातड्यावर आडव्यातिडव्या सुरकुत्या पडून जातात, रेक्झिन नुसतं खाली दबतं. आणि वरचे रंध्रांचे ठिपके फारच शिस्तीत, ओळीत बसलेले दिसले तर ते बकरीचं काम नव्हे, साच्याचं.

एवढं करून जॅकेट घरी येतं. आता ते वर्षातून चार-पाच दिवस अंगावर आणि उरलेले दिवस घरात असणार. म्हणजे घालण्यापेक्षा सांभाळण्याचंच काम जास्त. आणि सांभाळायचं म्हटलं की आपल्याकडे उपायांना तोटा नाही. दुर्लक्ष होऊन मेलेली जॅकेटं मी फार थोडी पाहिली. उपायांनी मेलेली मात्र ढिगाने पाहिली आहेत, आणि प्रत्येकाच्या मृत्यूमागे एक प्रेमळ माणूस होता.

पहिला मान खोबरेल तेलाचा. केस, टाळू, भाजलेलं बोट, करकरणारी बिजागरी आणि नवजात बालक या सगळ्यांना जे चालतं ते जॅकेटला का चालू नये, असा सरळ हिशोब असतो. त्यात कोल्हापुरीचा दाखला. “अरे, तुझे आजोबा नव्या चपलेला तेल पाजायचे, दहा वर्षं चालायची एकेक.” आजोबांचं बरोबरच होतं. कोल्हापुरी चप्पल म्हणजे जाड कातडं, बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात मुरवून मुरवून कमावलेलं. ते वर उघडं असतं, तेल पितं, पिऊन मऊ पडतं, आणि रंग काळसर झाला तर उलट “मुरली आता” म्हणून कौतुक होतं. जॅकेटचं कातडं मेंढी-बकरीचं, जाडी जेमतेम मिलिमीटरभर, बहुधा क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं, वरून रंग आणि रंगावर पातळ लेप. आत किती स्निग्धपणा हवा तो कारखान्यात मोजून घातलेला असतो. तंतू एकमेकांवरून सरकावेत आणि कोपर दुमडलं तरी चिरू नये, म्हणून. त्यावर आईने वाटीभर तेल ओतलं, की जिथे हात आधी पडला तिथे काळा डाग, जिथे नंतर पडला तिथे फिका, आणि सगळीकडे चिकटा. त्या चिकट्यावर डोंबिवलीची धूळ बसते. धूळ आणि तेल म्हणजे बुरशीच्या घरचं लग्नाचं जेवण.

यातली खरी मौज पुढे डिसेंबरात कळते. खोबरेल तेल चोवीस अंशांच्या खाली थिजतं. जॅकेट हौसेने थंडीत बाहेर काढावं, तर अंगभर पांढुरकी पुटं. घरात एकच कल्लोळ, “बुरशी आली, बुरशी आली!” म्हणून त्यावर दुसरा उपाय सुरू. तसं तेल न घातलेल्या चांगल्या कातड्यातली चरबीही कधीकधी गारठ्यात वर येऊन पांढरी दिसते. बुरशी की चरबी, हे ओळखायला हेअर ड्रायर लांबून, मंदावर, दोन क्षण धरायचा. चरबी वितळून दिसेनाशी होते. बुरशी जागची हलत नाही. ती आपल्याकडे बघत बसते.

दुसरे हितचिंतक बूटपॉलिशवाले. माझ्या एका मेहुण्याने मित्राच्या लग्नाला जाण्याआधी काळ्या जॅकेटला काळं चेरी पॉलिश लावून ब्रशने अशी चमक आणली की त्यात तोंड दिसावं. पॉलिश म्हणजे मेण आणि रंग. बुटाला ते शोभतं, कारण बुटाला कोणी मिठी मारत नाही. लग्नात त्याला बऱ्याच जणांनी मिठी मारली. नवरदेवाच्या मोतिया शेरवानीवर दोन काळे पंजे आणि एक अख्खी बाही उमटली. आजही त्या अल्बममध्ये मेहुणा दिसायच्या आधी त्याचा ठसा दिसतो.

तिसरा उपाय उन्हाचा, आणि हा सर्वांत दांडगा. मराठी घरात एप्रिल-मे आला की प्रत्येक वस्तूला ऊन दाखवलंच पाहिजे असा दंडक आहे. गाद्या, गोधड्या, डाळी, तांदूळ, लोणच्याच्या बरण्या, सगळं गच्चीवर. त्याच लाटेत जॅकेटही जातं. एका बाजूला कुरडया, दुसऱ्या बाजूला सांडगे, मध्ये हात पसरून पालथं पडलेलं जॅकेट, आणि काठी घेऊन कावळे हाकायला बसलेलं एखादं पोर. दुरून पाहणाऱ्याला गच्चीवर माणूस पडलाय असंच वाटतं. आमच्या समोरच्या इमारतीतल्या आजींनी एकदा वॉचमनला वर पिटाळलंही होतं. उन्हाने बुरशी मरते हे खरं, पण सोबत रंग उडतो, आतली चरबी निघून जाते, आणि संध्याकाळी जॅकेट खाली येतं ते कुरडईच्याच अंगाचं होऊन: उचललं की कडकड वाजणारं. दुमडलं की कोपरावर चीर. जॅकेटला हवा हवी, ऊन नको. सावलीतली गॅलरी, वाहता वारा, तासा-दोन तासांत परत आत. बस.

आणि मग पाऊस येतो, आणि बुरशी येते. ही मात्र खरी.

बुरशीचे बीजाणू हवेत बारा महिने असतातच. हवेतली आर्द्रता साधारण पासष्ट-सत्तर टक्क्यांवर गेली आणि तिथेच रेंगाळली, की ते अंग धरतात. जुलैत मुंबईची हवा ऐंशीच्या खाली येताना कुरकुरते. त्यात जॅकेट बंद कपाटात, कपाट बाहेरच्या भिंतीला लागून, भिंतीला ओल, आणि सोसायटीच्या सभेत ‘टेरेस वॉटरप्रूफिंग’ हा विषय गेली तीन वर्षं ‘पुढील सभेत’. बुरशी पहिल्यांदा कुठे येते ते पाहण्यासारखं आहे. पाठीवर नाही, छातीवर नाही. कॉलरच्या आत, काखेखाली, मनगटाच्या काठावर. म्हणजे जिथे जिथे माणसाचा घाम लागला आहे तिथे. आधी वेलचीच्या दाण्याएवढे करडे ठिपके, कडेला जरा हिरवट, जवळून पाहिलं तर त्यांवर बारीक लव. दोन आठवड्यांनी ठिपके एकमेकांना भेटतात. चेन उघडली की जुन्या तळघराचा वास.

यावर घरातून येणारी पहिली आज्ञा, “ओल्या फडक्याने पुसून घे.” म्हणजे जिला पाणी हवं तिला पाणी द्यायचं आणि फडक्याने तिची रोपं सगळ्या जॅकेटभर लावून यायची. दुसरी आज्ञा व्हिनेगर, तिसरी डेटॉल, चौथी गोमूत्र. प्रत्येक घराचा आपापला संप्रदाय. बरं, करायचं असतं ते फारच अळणी आहे, म्हणून कोणाला पटत नाही. जॅकेट गॅलरीत न्यायचं, घरात झटकायचं नाही. नाकावर रुमाल बांधून कोरड्या मऊ ब्रशने बुरशी झाडायची आणि तो ब्रश पुन्हा कपाटात ठेवायचा नाही. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं करून, फडकं पिळून, हलकं पुसायचं. आधी आतल्या शिवणीजवळ लावून रंग सुटतो का ते पाहायचं. पंख्याखाली वाळवायचं. पूर्ण वाळल्यावर लेदर कंडिशनर, रुपयाच्या नाण्याएवढं, फडक्यावर घेऊन. कंडिशनर वर्षातून एकदा, फार तर दोनदा. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात लावलं की पुरतं. दर रविवारी लावणाऱ्याचं जॅकेट मऊ होत नाही, मेणचट होतं.

साडेपाच हजार वर्षं टिकलेलं चामडं कसं टिकलं असेल? आर्मेनियात अरेनी नावाच्या गावाजवळच्या गुहेत २००८ साली एक बूट सापडला. एकाच पायाचा, एकाच तुकड्याचा, नाड्या ओवलेला, आत गवत भरलेलं. इसवी सनापूर्वी ३५०० च्या सुमाराचा. नाडीची भोकंसुद्धा शाबूत. हे कसं जमलं, तर गुहा थंड आणि कोरडी होती, आणि वर शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्यांचा घट्ट थर बसला होता. ही माहिती मी घरात उत्साहाने सांगितली. आईने लगेच, “बघ, शेणाने सारवायची पद्धत उगाच नव्हती,” असं म्हणून विषय आपल्या बाजूला वळवला. पण मला त्या बुटाचं दुसरंच कौतुक वाटतं. साडेपाच हजार वर्षांत त्याला एकही उपाय झाला नाही. कोणी तेल पाजलं नाही, पॉलिश केलं नाही, ऊन दाखवलं नाही. सगळं गाव त्याला विसरून गेलं आणि तो वाचला.

आपल्याकडे गुहा नाही. वन-बीएचके आहे. त्यात कोरडी, गार, अंधारी, मोकळी जागा शोधायची म्हणजे जॅकेटला आपल्यापेक्षा चांगला फ्लॅट शोधून देणं. माळ्यावर उन्हाळ्यात भट्टी, पलंगाखाली ओल, बाथरूमच्या भिंतीला लागलेल्या कपाटात तर जलसमाधी. त्यातल्या त्यात आतल्या भिंतीचं कपाट बरं, आणि त्यातही मधला कप्पा, कपड्यांची दाटी नसलेला. दाटी नसलेला कप्पा हे वाक्य मी बायकोसमोर मोठ्याने वाचलं होतं. तिने कपाट उघडून दाखवलं, बोलली काही नाही.

पूर्वी कोकणात-गोव्यात आणि मुंबईच्या जुन्या घरांत कपाटात एक कमी वॅटचा पिवळा बल्ब लावून ठेवत. कॅमेरे, भिंगं, रेशमी कपडे त्या उबेवर पावसाळा काढत. युक्ती झकास होती. बल्ब उजेडापेक्षा उष्णताच जास्त द्यायचा. आता लोक तीच युक्ती एलईडी लावून करतात. एलईडी उजेड देतो, ऊब जवळजवळ देतच नाही. कपाटात बुरशीला रात्री वाचायची सोय होते, एवढंच.

सिलिका जेलची पुडी हा आणखी एक श्रद्धेचा विषय. नव्या बुटांच्या खोक्यात येते ती, ‘खाऊ नये’ असं लिहिलेली. ती आपल्या घरात कधी टाकली जात नाही. एका डब्यात साठवली जाते, आणि त्या डब्यातच हवेतलं पाणी पिऊन पिऊन तृप्त होते. मग तृप्त पुडी जॅकेटच्या खिशात. एकदोन ग्रॅमच्या पुडीने ठाण्याचा जुलै सुकवायचा, ही अपेक्षा तिच्या आईवडिलांनीही केली नसेल. रंग बदलणारे दाणे मिळतात ते घ्यावेत, ओले झाल्याचं दिसतं, आणि ओव्हनमध्ये मंद तापवून पुन्हा वापरता येतात. बाजारात पाणी ओढणारे डबेही मिळतात. खाली पाणी साचलेलं पाहून आपला संसार किती ओला आहे हे कळतं. त्यांत कॅल्शियम क्लोराइड असतं. डबा कपाटात तळाशी, ताठ उभा, जॅकेटपासून लांब ठेवावा. ते पाणी कातड्यावर सांडलं तर कातडं आकसून असं कडक होतं की मग कोणताच उपाय उरत नाही, म्हणजे हितचिंतकांचीही निराशा होते.

डांबराच्या गोळ्यांबद्दल थोडक्यात: त्या किड्यांसाठी आहेत. ओल शोषणं त्यांचं काम नाही, आणि त्यांचा वास कातड्यात शिरला की नातवापर्यंत जातो. डिसेंबरातल्या समारंभात लेदर जॅकेटवाला माणूस दिसायच्या आधी त्याच्या गोळ्या येतात.

मग ठेवायचं कसं? प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही. लाँड्रीतून कपडे येतात त्या पारदर्शक पिशवीत जॅकेट ठेवून वर गाठ मारणं म्हणजे ओल बाहेर ठेवणं नव्हे, आतली ओल आतच कोंडणं. कातड्याला श्वास हवा, म्हणून सुती आवरण. बाजारात ‘गारमेंट कव्हर’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक प्लॅस्टिकचंच, वर चेन लावून मिरवणारं. या बाबतीत जगातली सर्वोत्तम वस्तू आपल्या घरात आहे आणि तिच्याकडे कोणाचं लक्ष नाही: जुना सुती परकर. वर नाडी असते. परकर हँगरवरून जॅकेटवर सोडायचा, नाडी हँगरच्या आकड्याभोवती आवळून बांधायची, खाली घेर मोकळा. हवा खेळते, धूळ बसत नाही, उजेड लागत नाही, धुवून पुन्हा वापरता येतो. एकच अडचण. बुलेटवाल्या माणसाला आपलं जॅकेट परकरात आहे हे मित्रांना सांगवत नाही.

हे सगळं शास्त्र घरात एका व्यक्तीला आधीपासून येत असतं आणि तिला कोणी विचारत नाही. पैठणी सांभाळणाऱ्या बाईला जॅकेटचं काही नवीन सांगावं लागत नाही. मलमलीच्या फडक्यात गुंडाळा, प्लॅस्टिक नको. घडी अधूनमधून मोडून वेगळी घाला, नाहीतर घडीवर चिरते. सावलीत वारा द्या. सेंट थेट मारू नका. वर जड काही ठेवू नका. पंचवीस वर्षं जुनी पैठणी ती काल घेतल्यासारखी काढून दाखवते, आणि त्याच कपाटाच्या खालच्या कप्प्यात तिच्या नवऱ्याचं दोन वर्षांचं जॅकेट घडी करून, वर लॅपटॉपची बॅग ठेवून, प्लॅस्टिकमध्ये घाम गाळत असतं. कारण ‘लेदरचं तुला काय कळतं’ हे वाक्य खरेदीच्या दिवशीच बोलून झालेलं असतं.

जॅकेटची घडी घालू नये, टांगावं. टांगायचं ते रुंद लाकडी हँगरवर. लाँड्रीच्या तारेच्या हँगरवर ठेवलं की वर्षभरात दोन्ही खांद्यांना शिंगं फुटतात, आणि माणूस घातल्यावरही ती खाली बसत नाहीत. मात्र रुंद हँगरवरचं जॅकेट टांगायची जागा नीट निवडा. दाराच्या चौकटीला अडकवलेलं काळं जॅकेट, रात्री लाइट गेलेले, आणि पाणी प्यायला उठलेले वडील. यापुढचं वर्णन करत नाही. वडील सुखरूप आहेत. जॅकेटला मात्र दोन छत्रीचे फटके बसले.

आता ही वस्तू मुळात केली होती कशासाठी, तेही सांगायला हवं. न्यूयॉर्कच्या आयर्व्हिंग शॉट यांनी १९२८ साली मोटरसायकलवाल्यांसाठी चेन लावलेलं लेदर जॅकेट काढलं, नाव ‘परफेक्टो’, किंमत साडेपाच डॉलर. चेन मध्ये सरळ न लावता तिरकी, म्हणजे टाकीवर वाकून बसलं तर पोटाला टोचू नये आणि वारा आत शिरू नये. १९५३ सालच्या ‘द वाइल्ड वन’मध्ये मार्लन ब्रँडोने तसलं जॅकेट घातलं आणि पोरांनी ते उचललं. अमेरिकेतल्या काही शाळांनी तर ते घालून यायला बंदी केली. म्हणजे ही वस्तू वाऱ्यासाठी, वेगासाठी आणि रस्त्यावर घासटलो तर आपल्या कातडीऐवजी बकरीची जावी यासाठी आहे. आपल्याकडे घोडबंदर रोडला वेग ताशी अकरा किलोमीटर. सिग्नलला मे महिन्यात बुलेटवर जॅकेट घालून उभा राहिलेला तरुण दिसला की मला त्याच्या निष्ठेला सलाम करावासा वाटतो. आतून त्याचं कमावणं चालू असतं.

पावसात तर आणखी मजा. जॅकेट शरीराचं रक्षण करतं, म्हणून जॅकेटवर रेनकोट घालायचा जॅकेटचं रक्षण करायला. तरी भिजतंच. भिजलं तर घाबरू नका, हितचिंतकांना घाबरा. कारण आता इस्त्री, गॅस, हेअर ड्रायर आणि फ्रिजची मागची बाजू असे चार उपाय एकदम समोर येतात. ओलं कातडं तापलं की आकसतं, आणि आकसलेलं परत सैल होत नाही. कोरड्या टॉवेलने टिपा, खिसे रिकामे करा, हँगरवर टांगून पंख्याखाली दोन दिवस विसरून जा. विसरणं जमत नसेल तर गावाला जा.

धुण्याबद्दलही एक. वॉशिंग मशीनमध्ये घातलेलं जॅकेट पुन्हा घरातल्या सर्वांत धाकट्याला होतं, म्हणून कोणी धुवू नये. साध्या ड्रायक्लीनला दिलं तर त्यातला द्राव मळाबरोबर आतली चरबीही काढून नेतो. लेदरचं काम करणाराच शोधा. आमच्या भागातल्या एका लाँड्रीत पावतीच्या मागे ‘मालकाच्या जबाबदारीवर’ असा शिक्का आहे, आणि मालक म्हणजे आपण, हे परत आणताना कळतं.

राहिलं मनालीचं रेक्झिन. त्यावरचा पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत, पाण्याशी रासायनिक झटापट करत, आतून सुटत जातो. मुंबईत काही वर्षांत तो पापुद्रे टाकू लागतो. पहिल्यांदा मानेवर काळ्या कोंड्यासारखे कण दिसतात, मग पांढऱ्या शर्टावर, मग सोफ्यावर, शेवटी मांजरावर. त्यावर तेल नाही, पॉलिश नाही, कंडिशनर नाही, वेखंड नाही. ते जॅकेट वापरलं म्हणून नाही, राहिलं म्हणून संपतं. त्याला हात जोडून निरोप द्यावा.

पण खऱ्या कातड्याचं जॅकेट असेल, तर त्याची सर्वांत चांगली निगा म्हणजे ते घालणं. अंगावर असताना ते हलतं, दुमडतं, हवा घेतं, आणि बुरशीला बसायला उसंत मिळत नाही. थंडी नाही ही सबब सांगू नका. ऑफिसात एसी अठरावर ठेवणारा एक सहकारी प्रत्येकाला लाभलेला असतो, रात्रीच्या एसी बसमध्ये खंडाळ्याआधीच दात वाजायला लागतात, आणि सिनेमागृहात मध्यंतरानंतर निफाडच येतं. तिथे घाला. घरी आल्यावर कोरड्या फडक्याने पुसा, परकरात टांगा. आणि कोणी उपाय सांगायला घरी आलंच, तर त्यांना चहा द्या, चिवडा द्या, जॅकेट हातात देऊ नका.